यंत्रामागील व्यवस्थेचा प्रश्न

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शल्यविशारदाने रुग्णाचा अवयव हातांत घेऊन फिरवून पाहावा, ही कल्पना चाळीस वर्षांपूर्वी अद्भुतकथेतच शोभली असती. आज ती वस्तुस्थिती आहे. सीटी किंवा एमआरआय तपासणीत शरीराचे पातळ पातळ छेद चित्ररूपाने मिळतात. त्या प्रत्येक छेदात निरोगी भाग कोठे संपतो, अर्बुद कोठे सुरू होते आणि रक्तवाहिनी कोणत्या बाजूने जाते, याच्या सीमा संगणकावर आखल्या जातात. त्या सीमा जोडून घनाकृती तयार होते, आणि यंत्र थरावर थर चढवून ती प्लॅस्टिकमध्ये उतरवते. यालाच थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात. अमेरिकेतील चार्ल्स हल यांना या प्रकारच्या यंत्राचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले. कारखान्यांतील नमुन्यांसाठी जन्मलेले हे तंत्र आता बालकांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचले आहे.

त्याची उपयुक्तता समजण्यासाठी विल्म्स अर्बुदाचे उदाहरण पुरेसे आहे. जर्मन शल्यविशारद मॅक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये ज्याचे सविस्तर वर्णन केले तो हा मूत्रपिंडाचा कर्करोग बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. पुष्कळदा आंघोळ घालताना आईच्या हाताला मुलाच्या पोटात न दुखणारा गोळा लागतो, हीच रोगाची पहिली खूण असते. केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया वेळेवर झाल्यास प्रगत देशांत दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. एक मूत्रपिंड काढावे लागले तरी दुसऱ्यावर आयुष्य निभावते. परंतु शंभरांतील पाच ते सात मुलांत दोन्ही मूत्रपिंडे ग्रस्त असतात. तेथे अर्बुद मागे राहिले तर रोग उलटतो, आणि निरोगी भाग अधिक कापला गेला तर मुलाच्या वाट्याला डायलिसिस येते. अशा वेळी पारदर्शक मूत्रपिंडात रंगीत अर्बुद व रक्तवाहिन्या दाखविणारी प्रतिकृती शल्यविशारदाला सुरी कोठून चालवावी याचा आधीच विचार करू देते. यकृताची अर्बुदे आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढणारे न्यूरोब्लास्टोमा यांच्या बाबतीतही तिचे हेच कार्य आहे.

तथापि या तंत्राविषयीचे बरेचसे अभ्यास थोड्या रुग्णांवरचे आहेत. प्रतिकृतीमुळे शरीररचनेचे आकलन सुधारते आणि आईवडिलांना शस्त्रक्रिया समजावून सांगणे सोपे जाते, एवढे त्यांतून दिसते. वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण केवळ तिच्यामुळे वाढते, असे मात्र सिद्ध झालेले नाही. म्हणून ‘हे यंत्र आपल्या जिल्ह्यातही हवे’ अशी मागणी होण्यापूर्वी थोडा हिशेब करणे इष्ट ठरेल.

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख. जन्माचे प्रमाण हजारी पंधरा धरले तर वर्षाला एकोणीस-वीस हजार मुले जन्मतात. विल्म्स अर्बुद सुमारे दहा हजार मुलांत एकाला होते. म्हणजे जिल्ह्यात वर्षाला दोन रुग्ण, आणि दोन्ही मूत्रपिंडांचा रोग असलेले मूल आठ-दहा वर्षांतून एक. हिशेब अंदाजी असला तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. सेवाग्रामला १९६९ पासून आणि सावंगी मेघे येथे १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. या कामासाठी दोघांनी स्वतंत्र यंत्रे घेतली, तर ती वर्षातील बहुतेक दिवस आच्छादनाखालीच राहतील.

येथे खर्चाचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. प्लॅस्टिक स्वस्त आहे, साधे यंत्रही आता फार महाग राहिलेले नाही. महाग आहे ते छेदाछेदावर सीमा आखणाऱ्या तज्ज्ञाचे कौशल्य. चुकीच्या सीमेवरून सुबक प्रतिकृती निघू शकते, आणि ती सुबक असल्यामुळेच अधिक फसवी ठरते. हे कौशल्य सरावाने टिकते. वर्षाला दोन रुग्णांवर ते टिकणार नाही. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचा एकत्र विचार केला, तर मात्र वर्षाला पस्तीसच्या आसपास विल्म्स रुग्ण होतात. त्यांत यकृताची, हाडांची व इतर अवघड अर्बुदे मिळवली म्हणजे एका सामायिक केंद्राला पुरेसे काम मिळते. छेदचित्रे तारेवरून क्षणात जातात आणि तयार प्रतिकृती एस.टी.च्या पार्सलनेही येऊ शकते. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने औषधांची संयुक्त खरेदी करून सहकार्याचा मार्ग दाखविलाच आहे.

यावर आक्षेप येईल की अशाने सारे नागपूरला जाईल आणि वर्धा रुग्ण पाठविणारा जिल्हा राहील. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु वर्ध्याचे खरे काम प्रतिकृतीच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगाविषयी जो उपक्रम हाती घेतला, त्यात २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत असे उद्दिष्ट आहे. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले वाचतात, अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाही. ही दरी उशिरा झालेल्या निदानाची आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांची आहे. ऐन कापूसवेचणीत केमोथेरपीच्या फेऱ्या आल्या की मजुरी बुडते, भाडे लागते, घरी दुसरे मूल एकटे राहते; आणि एखाद्या फेरीनंतर कुटुंब परतत नाही. शासकीय योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागला तरी हा खर्च शिल्लकच राहतो.

अशा प्रश्नांचा विचार करण्याची परंपरा या जिल्ह्याला आहे. यंत्राच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद केला होता, आणि १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्यांचा आक्षेप यंत्राला नव्हता. यंत्र कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी खेड्यांत आरोग्यविम्याची योजना चालविली. तीत शेतकरी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देत. ज्याच्याकडे रोकड नाही त्यालाही हक्काने रुग्णालयात येता यावे, ही त्यामागील दृष्टी होती.

तीच दृष्टी येथे लावली म्हणजे क्रम आपोआप ठरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत मुले तपासतात. त्या तपासणीत पोटावर हात ठेवून पाहण्याचा आग्रह प्रथम धरावा. त्यानंतर उपचार चालू असेतोवर प्रवासाची, निवासाची आणि बुडालेल्या मजुरीची तरतूद व्हावी. तिसरे काम विदर्भासाठी एका सामायिक केंद्राचे. तेथील सेवा रुग्णालयांना ठरावीक शुल्कात मिळावी आणि ते शुल्क शासकीय योजनेने सोसावे. शेवटी, प्रत्येक प्रतिकृतीनंतर शस्त्रक्रियेचा बेत बदलला की नाही, याची नोंद ठेवावी. म्हणजे काही वर्षांनी या खर्चाचे मोल अनुमानावर अवलंबून राहणार नाही.

प्रतिकृतीचा एक उपयोग मात्र कोणत्याही आकडेवारीची वाट न पाहता मान्य करता येईल. आजवर संमतिपत्रावर अंगठा उठविणाऱ्या बापाला आपण कशाला होकार देत आहोत हे क्वचितच कळत असे. मुलाचे मूत्रपिंड हातांत घेऊन तो डॉक्टरांना दोन प्रश्न विचारू शकला, तर तेवढ्यापुरते हे यंत्र त्याचेही झाले. ते मूल त्या मेजापर्यंत वेळेवर पोहोचविणे ही उरलेली जबाबदारी समाजाची आणि शासनाची आहे.