औषध कधी दिले, हे विचारा

कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे. घोडे मात्र मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात धावतात. तिथला एक नियम आपल्या गाडीशौकिनांना खटकेल. शर्यतीनंतर घोड्याच्या लघवीत किंवा रक्तात बंदी असलेले औषध सापडले, तर जाब ट्रेनरला विचारतात. ‘मला माहीत नव्हते’ एवढ्यावर सुटका नाही.

बेटामेथासोन हे आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोजचे नाव. २०२१ ची केंटकी डर्बी प्रथम आलेल्या मेडिना स्पिरिटच्या रक्तात ते मिलिलीटरला २१ पिकोग्रॅम निघाले. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. ट्रेनर बॉब बॅफर्ट यांच्या बाजूने सांगण्यात आले, की कातडीच्या आजारावर मलम लावले होते, सांध्यात इंजेक्शन दिले नव्हते. पंचांनी तो फरक मानला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये विजेतेपद गेले, ट्रेनरवर ९० दिवसांची बंदी आली. घोडा आधीच, डिसेंबरमध्ये सरावानंतर कोसळून मेला होता. शवविच्छेदनात नेमके कारण सापडले नाही.

२०१४ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या ‘एस्टिमेट’ घोडीत मॉर्फिन आढळले. अस्कॉट गोल्ड कपमधला तिचा दुसरा क्रमांक गेला. पण दोष दूषित खाद्यात होता (खसखशीचे झाड तेच, ज्यापासून अफू निघते), तो माग लागला आणि ट्रेनरला शिक्षा झाली नाही. निकाल एक गोष्ट, शिक्षा दुसरी. हा माग नोंदी असतील तरच लागतो.

एवढी कडक शिस्त कशाला? दुखणे हा शरीराचा ब्रेक आहे. वेदनाशामक देऊन तो काढला, की हाडाला बारीक तडा असलेला घोडा पूर्ण वेगाने धावतो, पाय मोडतो आणि पाठीवरचा जॉकीही खाली येतो. औषध वाईट नसते, वेळ वाईट असते. प्रोकेन पेनिसिलिन जंतुसंसर्गावर देतात. त्यातले प्रोकेन बधिरता आणते आणि लघवीत बरेच दिवस दिसत राहते. तारीख लिहिलेली नसेल, तर उपचार आणि लबाडी प्रयोगशाळेत सारखीच दिसतात.

आता आपल्या बैलगाड्यांकडे येऊ. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मैदाने गजबजली, बक्षिसे थार गाडीपर्यंत गेली. आदत, दुसा असे दात बघून गट पाडणाऱ्या मैदानांवर औषधाचे मात्र कुणी विचारत नाही. पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो, खरे आहे. पण वेदनाशामक टोचलेला बैल डॉक्टरांसमोरही लंगडत नाही! मी माणसांचा डॉक्टर. पण गोळी खाऊन तपासणीला आलेला रुग्ण ‘कुठे काही दुखत नाही’ म्हणतो, हे रोज बघतो.

जनावरांच्या खेळांसाठीच्या २००१ च्या केंद्रीय नियमांत स्टेरॉइड आणि गुंगीच्या औषधांना मनाई आहेच. ती पाळली गेली की नाही, हे बघायला दाखला पुरत नाही. प्रत्येक जोडीची औषधवही हवी: औषध, मात्रा, तारीख, देणाऱ्या पशुवैद्यकाची सही. आणि पहिल्या आलेल्या जोडीचा लघवीचा नमुना, दोन सीलबंद बाटल्यांत. एक तपासायला, दुसरी मालकाने हरकत घेतली तर उघडायला. खर्चाची ओरड होईल. थार देणाऱ्या आयोजकाने ती करू नये.

यात प्रामाणिक शेतकऱ्याचाच जास्त फायदा आहे. पंधरा दिवसांपूर्वी आजारी बैलाला रीतसर इंजेक्शन दिलेल्या माणसाजवळ आज स्वतःच्या शब्दाशिवाय काहीच नसते. शर्यतीची परवानगी जिल्हाधिकारी देतात. वही आणि नमुना या दोन अटी पुढच्या हंगामाच्या परवानगीपत्रातच घालाव्यात.