विहारातील कपाट आणि आमच्या भगिनी

विहारांच्या ग्रंथालयांतून आमच्या भगिनी ऐतिहासिक कादंबऱ्या आवडीने नेतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या कादंबऱ्यांतील स्त्री बहुधा राणी असते. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) वाचनीय आहे, हे मान्य. तिच्या शेवटी रमाबाई सती जातात आणि वाचक डोळे पुसतो. १९८७ च्या कायद्याने ज्या प्रथेचा गौरव हाही गुन्हा ठरविला, तिच्यापुढे आपण कशासाठी रडतो, हे ज्याचे त्याने तपासावे.

म्हणून विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’ (१९५०) प्रथम घ्यावी, असे मी सुचवितो. गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या स्त्रीपुरुषांचे तारेच्या कुंपणातील जिणे लेखिकेने सोलापुरास अशाच वसाहतीत काम करताना पाहिले होते. अपराध सिद्ध नाही, शिक्षा मात्र पिढीजात! आम्हां वकिलांस निकालसंग्रहांत ही माणसे भेटत नाहीत. तो कायदा देशभर रद्द व्हावयास १९५२ साल उजाडले.

त्यानंतर अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) वाचावी. ती बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे. नवी ऐतिहासिक कादंबरी मागविताना मात्र एवढे पाहावे की, तीत राजवाड्यातील दासी काही बोलते काय? ‘बळी’ची एक प्रत पुरणार नाही, दोन मागवाव्यात.