भंगारवाल्याला कोण सांगणार?

किरणोत्सर्गाचा विषय काढला की पेठमधला माणूस म्हणतो, तो तारापूरवाल्यांचा प्रश्न. अणुवीज केंद्राबाहेरच्या आणीबाणीचं नियोजन १६ किलोमीटरपर्यंत असतं आणि पेठ तिथून शंभरेक किलोमीटरवर. हिशेब बरोबर आहे. पण एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत किरणोत्सर्गानं मजूर मेला, तो अणुभट्टीशेजारी नव्हे, भंगारबाजारात.

दिल्ली विद्यापीठानं वर्षानुवर्षं बंद पडलेलं एक यंत्र लिलावात विकलं. आत कोबाल्ट-६० होतं. मजुरांनी ते रोजच्या मालासारखं फोडलं. कातडी काळी पडली, केस गळाले, एक जण दगावला. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ साली असंच घडलं होतं: चार मृत्यू, लाखाहून जास्त लोकांची तपासणी.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्येच आली होती. मायापुरीच्या वर्षभर आधी! कागद तयार होता, छिन्नी-हातोडा धरणाऱ्या हातापर्यंत तो पोचला नाही. दोष त्या मजुराचा नाही, न सांगता यंत्र विकणाऱ्या शिकल्या-सवरलेल्यांचा आहे.

आणि आपला? भंगाराच्या धंद्यात आपली किती घरं आहेत, हे मालेगाव, भिवंडी, कुर्ल्याच्या पोरांना सांगायला नको. आपण रक्तदान शिबिरं भरवतो, सत्कार करतो. पण दुकानात बसणाऱ्या पोराला पिवळ्या पाटीवरचं तीन पात्यांचं चिन्ह कुणी दाखवलं?

‘उगाच घबराट पसरेल,’ असं वडीलधारे म्हणतील. आपल्याच जिल्ह्यात लासलगावला कोबाल्ट-६० वापरून कांद्यावर प्रक्रिया होते. तिथे घबराट नाही, कारण काम करणाऱ्यांना समोर काय आहे ते ठाऊक असतं. घबराट अज्ञानातून येते.

सांगायचं तरी किती? ते चिन्ह किंवा आकाराच्या मानानं फारच जड, शिशाचा बंद डबा दिसला तर फोडू नका, उचलू नका, खिशात घालू नका. लांब व्हा, इतरांना लांब ठेवा, ११२ ला कळवा. हात लागला असेल तर कपडे काढून पिशवीत बांधा, साबणानं धुवा आणि डॉक्टरला नेमकं काय हाताळलं ते सांगा. आयोडीनच्या गोळ्या मनानं घेऊ नका. कोबाल्टवर त्यांचा उपयोग नाही.

एवढा मजकूर एका पानावर मावतो. मराठीत आणि उर्दूत ते पान प्रत्येक भंगार दुकानात लावण्याची मागणी तहसीलदारांकडे लेखी करू या. तोवर येत्या जुम्म्याला नमाजनंतर आपणच वाटू या. पुढचा डबा कुठल्या गाडीतून येईल, ते आधी कुणी सांगणार नाही.