नारळीकरांना देव्हाऱ्यात बसवू नका

२० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत विष्णू नारळीकर निवर्तले. त्यानंतर मराठी समाजाने, महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही, त्यांच्यावर मुक्तहस्ते स्तुतिसुमने उधळली. केंब्रिजचे रँग्लर, पद्मविभूषण, ‘आयुका’चे संस्थापक संचालक, विज्ञानकथालेखक, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ही बिरुदावली आता सर्वांना मुखोद्गत आहे. परंतु ज्या एका प्रश्नापायी ह्या माणसाने आपल्या आयुष्याची सहा दशके वेचली, त्या प्रश्नाचा निकाल काय लागला, हे सांगण्याचे धैर्य फारच थोड्यांनी दाखविले. विश्वाला आरंभ होता की नव्हता, ह्या वादात नारळीकर कोणत्या बाजूस उभे होते, असे आपल्या एखाद्या सुशिक्षित स्नेह्यास विचारून पाहावे. उत्तराऐवजी बहुधा पुरस्कारांची यादीच ऐकावयास मिळेल.

आमचे म्हणणे आरंभीच स्पष्टपणे मांडतो. मूळ प्रश्नावर नारळीकरांचा पक्ष पुराव्यापुढे टिकला नाही; आणि तरीही त्यांची संशोधनाची कारकीर्द थोर होती. ही दोन्ही विधाने एका दमात उच्चारता आली पाहिजेत. पहिले गाळणारा भाट होय, दुसरे गाळणारा निव्वळ निकालपत्र वाचणारा होय. नारळीकर काय करीत होते हे दोघांनाही कळलेले नाही.

वाद काय होता तो पाहू. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, विश्व प्रसरण पावत आहे, हे १९२९ पर्यंत पुढे आले होते. ह्यावरून मागे मागे जात एका अतितप्त, अतिदाट अवस्थेपर्यंत पोहोचता येते. १९४८ साली बाँडी, गोल्ड आणि हॉइल ह्या तिघांनी दुसरी वाट सुचविली. विश्व प्रसरण पावते खरे, परंतु मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होत असते, त्यामुळे एकंदर विश्व सर्वकाळ सारखेच दिसते. त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही. ह्यासाठी लागणारी निर्मिती इतकी अल्प की एका घनमीटर जागेत शंभर कोटी वर्षांत साधारण एखादाच हायड्रोजन अणू पुरे. गंमत अशी की प्रतिपक्षाच्या सिद्धांताला इंग्रजीत जे नाव पडले, ज्याचा अनुवाद आपण ‘महास्फोट’ असा करतो, ते १९४९ साली बीबीसीवरील भाषणात हॉइल ह्यांनीच उच्चारले होते.

ह्या हॉइल ह्यांचे शिष्यत्व तरुण नारळीकरांनी पत्करले. त्याच सुमारास, १९६१ साली, केंब्रिजमध्येच मार्टिन राइल ह्यांनी दूरच्या रेडिओ उद्गमांची मोजदाद मांडून स्थिर स्थिती सिद्धांत मोडीत निघाल्याचा निर्वाळा दिला. त्याला उत्तर देणारे गणित ज्यांनी मांडले त्यांत अवघ्या बावीस-तेवीस वर्षांचे नारळीकर होते. पुढे १९६४ साली हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांत आला. वस्तूचे जडत्व हे साऱ्या विश्वातील इतर द्रव्यामुळे संभवते, ह्या माखच्या कल्पनेला त्यात गणिती देह देण्याचा प्रयत्न होता. भारतात नारळीकरांचे नाव घरोघर झाले ते ह्याच कामामुळे, आणि १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

नेमक्या त्याच १९६५ साली न्यू जर्सीतील एका अँटेनात पेंझियास आणि विल्सन ह्यांना सर्व दिशांनी सारखेच येणारे सूक्ष्मतरंग प्रारण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्यावर सुमारे साडेतीन अंश भरले. असे काही अवशिष्ट प्रारण असले पाहिजे आणि ते सुमारे पाच अंशांचे असेल, असे अल्फर आणि हर्मन ह्यांनी १९४८ सालीच लिहून ठेवले होते. स्थिर स्थिती सिद्धांतात त्यासाठी आयती जागा नव्हती. विश्वातील हेलियमचे प्रमाणही ताऱ्यांच्या भट्टीतून पुरेसे निघत नाही, असे १९६४ साली दाखविणाऱ्या दोघांतले एक स्वतः हॉइल होते!

नारळीकर येथे थांबले नाहीत. १९९३ साली हॉइल आणि बरबिज ह्यांच्यासह त्यांनी सिद्धांताचे सुधारलेले रूप मांडले. त्यात विश्व दीर्घकाळ प्रसरण पावत असतानाच आकुंचन-प्रसरणाची आवर्तनेही घेते, आणि ते प्रारण म्हणजे अवकाशातील लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचाच प्रकाश होय. हे अशक्य म्हणता येत नाही. परंतु प्रारणाचा प्रत्येक नवा गुणधर्म उजेडात आल्यावर त्यासाठी नवी तजवीज करावी लागू लागली. प्रतिपक्षावर नारळीकरांचा आक्षेप हाच होता: तुम्ही अदृश्य द्रव्य मानता, अदृश्य ऊर्जा मानता, आरंभीचे क्षणार्धातील प्रचंड प्रसरण मानता, आणि ह्यांतले काहीच प्रयोगशाळेत दाखवीत नाही. आक्षेप वजनदार होता. ह्या बाबी आजही पुरत्या उलगडलेल्या नाहीत.

मग तराजू कलला कशाने? आगाऊ केलेल्या भाकिताने. आरंभीच्या तप्त वायूत ध्वनीसारख्या लहरी उठल्या असतील, तर त्यांचे ठसे प्रारणाच्या तापमानातील सूक्ष्म चढउतारांत ठराविक कोनीय अंतरांवर उमटले पाहिजेत, हे गणित १९७० साली अमेरिकेत आणि रशियात स्वतंत्रपणे मांडले गेले. एक लाखात एक अंश इतके अल्प चढउतार ‘कोबी’ उपग्रहाने १९९२ साली टिपले. २००० सालाच्या सुमारास त्या लहरींची शिखरे प्रत्यक्ष मोजली गेली आणि भाकिताबरहुकूम निघाली. मोजमापाच्या तीस वर्षे आधी सांगणे आणि मोजमाप झाल्यावर समजावणे ह्यांत जे अंतर आहे, तेच ह्या वादाचा निकाल होय. तो मान्य करताना आम्हांस दुःख होण्याचे कारण नाही.

‘मग साठ वर्षे फुकट गेली म्हणा की!’ असे जे म्हणतील त्यांस आमचा सवाल आहे: प्रतिवादीच नसता तर वादीने पुरावा गोळा केला असता काय? आरंभीचा तप्त क्षण मानावयाचा नाही, म्हणून जड मूलद्रव्ये कोठे शिजली हे शोधणे हॉइल ह्यांस भाग पडले, आणि १९५७ साली बरबिज पतिपत्नी व फाउलर ह्यांच्यासह त्यांनी ती ताऱ्यांच्या पोटात शिजतात हे दाखविले. आपल्या रक्तातील लोह कोठून आले ते जगाला ह्यातून कळले. नारळीकर आणि हॉइल ज्या घातांकी प्रसरणाचे गणित करीत होते, त्याच जातीचे प्रसरण १९८१ साली गूथ ह्यांनी महास्फोटवाद्यांच्या विश्वाच्या पहिल्या क्षणात आणून बसविले. चुकलेला सिद्धांतही नेमका मांडलेला असेल तर खोडून काढता येतो, आणि जे खोडून काढता येते तेच विज्ञान. गुळमुळीत बोलणाऱ्याला कोणीच हरवू शकत नाही. म्हणून त्याच्याकडून कोणी काही शिकतही नाही.

दुसरा वर्ग भाटांचा. ‘पाश्चात्त्यांनी आपल्या माणसाला दाबले’ असे हा वर्ग म्हणतो, आणि अनादि-अनंत विश्वाची कल्पना पुराणांतही आहे, तेव्हा नारळीकरांनी आपलेच म्हणणे सिद्ध केले, अशी पुस्तीही जोडतो. नारळीकरांच्या नावावर ह्याहून मोठा अन्याय होऊ शकत नाही. ह्याच माणसाने २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून, प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस कुंडल्या दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे धाडली; बरोबर निघाली ती सुमारे ४६ टक्के. नाणे उडविले असते तरी ह्याहून कमी हाती लागले नसते. जो ज्योतिष्यांना कसोटीस उभे करतो, त्याच्या सिद्धांताला कसोटीतून सूट मागणारे त्याचे अनुयायी कसे?

आणि त्याने स्वतः ती सूट मागितली नव्हती, ह्याचा पुरावा त्याच्या संस्थेतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नारळीकरांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविलेले थानू पद्मनाभन पुढे ‘आयुका’त आले. विश्वातील रचना कशा घडल्या ह्यावर १९९३ साली त्यांनी जो ग्रंथ लिहिला तो प्रस्थापित सिद्धांताच्या चौकटीतला आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेत आरंभीचे विश्व आणि त्याचे प्रारण ह्यांवर महास्फोट गृहीत धरून काम करणारे संशोधक संचालकांच्या डोळ्यांदेखत नांदले, वाढले. आपल्या मताविरुद्ध विचार करणाऱ्यांना छप्पर, पगार आणि प्रतिष्ठा देणारा संस्थाप्रमुख आपल्या वाङ्मयीन मंडळांत तरी किती सापडतात? सिद्धांत हरला, पण हा संस्कार जिंकला. आमच्या मते नारळीकरांचे खरे स्मारक हेच.

आता आपल्याकडे वळू. कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर वाढले बनारसला, जेथे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत आणि सापेक्षतेवर संशोधन करीत. म्हणजे हाही आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी माणूस. तरीही १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी मराठीत लिहिली, आणि नावाच्या वलयाने परीक्षक दिपून जाऊ नयेत म्हणून नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने स्पर्धेस धाडली. बक्षीस मिळाले ते कथेला, नारळीकरांना नव्हे. त्यांना हवा होता तो न्याय असा होता.

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, पणजी येथील मंडळांना म्हणून आमची विनंती आहे. त्यांच्या तसबिरीला हार घालाच. परंतु त्याच व्यासपीठावर एका तरुणाला महास्फोटाची बाजू आणि दुसऱ्याला स्थिर स्थितीची बाजू मराठीत वा कोकणीत मांडावयास लावा, आणि शेवटी पुरावा कोणाकडे झुकतो ते सभेला ठरवू द्या. सभा नारळीकरांच्या विरुद्ध कौल देईल. तो कौल विचारपूर्वक दिला गेला, तर त्या सभेइतका नारळीकरांचा सन्मान आजवरच्या कोणत्याही सत्काराने झालेला नसेल.