भीती दाखवणाऱ्याची जबाबदारी

‘जेवायच्या वेळेला हे असलं कशाला दाखवतात?’ हा प्रश्न 2012 पासून आपल्याकडे घरोघरी विचारला जात आला आहे. त्या वर्षी 2 ऑक्टोबरला केंद्र सरकारचे नवे नियम लागू झाले. ज्या चित्रपटात किंवा मालिकेत कुणी सिगारेट ओढताना, तंबाखू खाताना दिसेल, त्याच्या सुरुवातीला आणि मध्यावर तंबाखूविरोधी जाहिरात दाखवणे सक्तीचे झाले. मग नाकात नळी घातलेला मुकेश घरात आला. स्पंज पिळून त्यातले काळे डांबर पेल्यात गाळणारा हात आला. पुढे कर्करोगाच्या शस्त्रक्रियेने चेहरा बदलून गेलेली सुनीता आली. लहान मुलांचे डोळे झाकले गेले, आवाज बंद केले गेले, चॅनल बदलले गेले.

या जाहिराती दाखवायला हव्यात, असे आम्हांला वाटते. त्याचे पहिले कारण म्हणजे त्या खऱ्या आहेत. मुकेश हा नट नव्हता. खानदेशातला भुसावळचा हा मुलगा 2009 च्या ऑक्टोबरमध्ये परळच्या टाटा रुग्णालयात वारला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. आपण एकच वर्ष गुटखा खाल्ला, असे तो जाहिरातीत सांगतो. त्याच्या चेहऱ्यावर कुणी रंग लावला नव्हता. त्या रुग्णालयाच्या आवारात आणि बाहेरच्या फुटपाथवर विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेली माणसे आपल्या रुग्णासाठी दिवस काढतात. ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना तीस सेकंदांची जाहिरात भडक वाटणार नाही. पाहवत नाही म्हणून ती दाखवू नका, असे म्हणणे म्हणजे त्या माणसांना नजरेआड करा असे म्हणणे आहे.

मुलांबद्दलची तक्रार मात्र खरी आहे आणि ती उडवून लावू नये. पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्या नळीचा, त्या गालाचा अर्थ लागत नाही, त्याला फक्त भीती लागते. मुलांच्या कार्यक्रमांच्या आगेमागे असली दृश्ये नकोतच. क्रिकेटचे सामने, बातम्या, रात्रीच्या मालिका ही त्यांची जागा आहे, कारण ज्याच्या तोंडात तंबाखू आहे तो तिथे बसलेला असतो. मात्र दहा-बारा वर्षांचे मूल ही गोष्ट वेगळी. ‘टपरीवरून माझी पुडी घेऊन ये’ असे सांगून आपण त्याच मुलाला पिटाळतो. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटखाबंदी आहे, तरी कुठल्या टपरीवर काय मिळते हे गावातल्या मुलांना ठाऊक असते. त्या वयाच्या मुलाने मुकेशला पाहिले तर काही बिघडत नाही.

चित्रपटकारांचेही गाऱ्हाणे आहे. वुडी ॲलन यांनी 2013 मध्ये आपला ‘ब्लू जास्मिन’ या नियमापायी भारतात प्रदर्शित होऊ दिला नाही; अनुराग कश्यप यांनी ‘अग्ली’साठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. याच नियमांप्रमाणे प्रसंग चालू असताना कोपऱ्यात उमटणाऱ्या इशाऱ्याबद्दल त्यांचे म्हणणे आम्हांला पटते, त्याने चित्र बिघडते. सुरुवातीच्या जाहिरातीने कुठल्याही कलाकृतीचे काही बिघडत नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. धक्का दिल्याने माणूस बदलतो का? याची दोन उत्तरे ऑस्ट्रेलियात मिळाली, तीही दोन-तीन वर्षांच्या अंतराने. 1987 च्या एप्रिलमध्ये तिथल्या टीव्हीवर एड्सची एक जाहिरात आली. बोलिंगच्या गल्लीत विळा घेतलेला सापळारूपी काळ उभा, आणि समोर सोंगट्यांच्या जागी बायका, पुरुष, कडेवर मूल घेतलेली आई. तो चेंडू टाकतो, माणसे आडवी होतात. साऱ्या देशात खळबळ उडाली, चौकशीचे फोन खणखणले. पण ज्यांना धोका जवळपास नव्हताच अशी असंख्य माणसे घाबरली, आणि काही जण समलिंगी पुरुषांनाच तो काळ समजू लागले, हे एड्सच्या कामातल्याच लोकांनी पुढे सांगितले. जाहिरात ठरल्यापेक्षा लवकर थांबली. भीती होती, पण कुणाला, कशाची आणि आता करायचे काय, हे त्यात नव्हते.

दुसरे उत्तर व्हिक्टोरिया राज्याचे. 1989 च्या डिसेंबरात तिथल्या परिवहन अपघात आयोगाने दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धची पहिली जाहिरात दाखवली. ठिकाण इस्पितळाचा अपघात विभाग. रक्त, आक्रोश, आणि आपल्या प्रेयसीच्या जखमांना स्वतःच कारण झालेला तरुण. त्या वर्षी राज्यात रस्त्यांवर 776 माणसे गेली होती. पुढच्या वर्षी 548 गेली. एवढी घट एका जाहिरातीने होत नाही. त्याच काळात रस्तोरस्ती श्वासचाचणीचे नाके वाढले आणि वेग टिपणारे कॅमेरे बसले. टीव्हीवर जे पाहिले त्याची आठवण करून देणारा पोलिस रस्त्यावर उभा होता, म्हणून जाहिरातीला वजन आले. आपल्याकडे 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, आणि आपल्या रस्तेसुरक्षेच्या जाहिरातींत अजून नट गोड हसून हेल्मेट घालायला सांगतात. इथे धक्क्याची वाण आहे, असेच म्हणावे लागेल.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दातांच्या निगेवर केलेला एक प्रयोग 1953 मध्ये प्रसिद्ध झाला होता. सडलेल्या हिरड्यांची सर्वांत भयंकर चित्रे ज्यांना दाखवली ते विद्यार्थी सर्वांत जास्त हादरले आणि सर्वांत कमी सुधारले. तेव्हापासून ‘भीतीने काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांचा एक पक्ष आहे. त्यानंतरच्या अभ्यासांतून जे पुढे आले ते अधिक उपयोगाचे आहे: घाबरलेल्या माणसाला लगेच हाताशी एखादी वाट सापडली तर तो त्या वाटेने जातो, नाही सापडली तर तो पाहिलेलेच विसरायला लागतो.

आता आपला मुकेश या कसोटीला लावून पाहू. तरुण पोरे त्याच्या आवाजाची नक्कल करतात, समाजमाध्यमांवर त्याचे विनोद फिरतात. हे पाहून जीव कळवळतो. मेलेल्या माणसाची, आणि तीही आपल्या मरणातून दुसऱ्याला वाचवू पाहणाऱ्या माणसाची ही थट्टा आहे. पण दोष नुसत्या पोरांना देता येणार नाही. तोच चेहरा, तोच आवाज, तीच वाक्ये, तीच पार्श्वसंगीताची ओळ वर्षानुवर्षे दाखवली की अंगावरचा काटा जातो आणि पाठांतर उरते. आपले दुःख जगापुढे मांडायला तयार झालेल्या रुग्णाला सरकारने एवढे तरी वचन द्यायला हवे, की त्याचे हसे होईपर्यंत त्याला वापरले जाणार नाही. ठराविक मुदतीनंतर जाहिरात बदलावी, आणि घरच्या माणसांना विचारल्याशिवाय ती पुन्हा काढू नये.

शिवाय तो स्पंज कुणासाठी आहे? 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. धूर काढणारे त्यांतले थोडेच, शंभर प्रौढांमागे जेमतेम चार. बाकीचा सारा कारभार तोंडातला. हातावर मळलेला तंबाखू-चुना, विदर्भातला घोटलेला खर्रा, नगरकडचा मावा, आणि घरातल्या बायकांची मशेरी. मशेरीला व्यसन म्हणायलाही अनेक घरे तयार नसतात. ती दात घासायची वस्तू. त्या बाईसमोर फुप्फुसातले डांबर पिळून काय उपयोग? तिला तिच्या ओळखीची, तिच्या बोलीत बोलणारी बाई दिसली पाहिजे, जिच्या हिरडीवरचा पांढरा चट्टा पुढे काय झाला हे ती स्वतः सांगेल.

आणि सर्वांत मोठी उणीव. सरकार एका हाताने धक्का देते आणि दुसऱ्या हाताने सोडून देते. तंबाखूविरोधी जाहिरात संपते आणि पुढच्याच विश्रांतीत मोठमोठे नट वेलचीचे आणि पान मसाल्याचे दाणे तोंडात टाकतात. त्या डब्यावरचे नाव, रंग, अक्षरे कुठल्या पुडीची आहेत हे शाळकरी पोरालाही कळते. केबल टीव्हीच्या नियमांत तंबाखूची आडूनही जाहिरात करायला बंदी आहे, जून 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा छुप्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, मार्च 2025 मध्ये आरोग्य खात्याने आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. अमिताभ बच्चन 2021 मध्ये आणि अक्षयकुमार 2022 मध्ये लोकांच्या रोषानंतर अशा करारांतून बाहेर पडले. म्हणजे जे काम कायद्याने व्हायला हवे ते लोकलज्जेने होत आहे.

2015 चा मार्च आठवावा. पाकिटांवरचे सचित्र इशारे 85 टक्के जागेवर छापण्याचा नियम 1 एप्रिलपासून लागू व्हायचा होता. संसदेच्या ज्या समितीने तो लांबवायला लावला तिचे अध्यक्ष अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिवंगत दिलीप गांधी होते. तंबाखूने कर्करोग होतो असे सांगणारा भारतीय अभ्यास नाही, असे ते म्हणाले होते. हे ऐकून टीव्हीवरच्या त्या सुनीताने, सुनीता तोमरने, पंतप्रधानांना पत्र लिहिले. दोन मुलांची ही आई मध्य प्रदेशातल्या भिंडची, वय अठ्ठावीस. सरकारने तिचा चेहरा देशभर दाखवला होता आणि तिच्या आजाराला पुरावा नाही असे संसदेतली समिती म्हणत होती. 1 एप्रिल 2015 ला, ज्या दिवशी नियम लागू व्हायचा होता त्याच दिवशी, ती गेली. नियम लागू व्हायला आणखी एक वर्ष लागले.

म्हणून आमचा आग्रह धक्का कमी करण्याचा नाही. जाहिराती दाखवा, ठळक वेळेला दाखवा, दरवर्षी नव्या दाखवा, मराठी बोलींत दाखवा. ज्या वाहिनीवर ती दाखवली जाते तिथे वेलचीच्या आडून गुटख्याचे नाव विकू देऊ नका. आणि तीस सेकंदांतली शेवटची दहा सेकंदे सोडायचे कसे, हे सांगण्यासाठी राखून ठेवा. देशपातळीवरची मोफत दूरध्वनी सेवा 2016 पासून चालू आहे, तिथे मराठीतूनही बोलता येते. 2018 पासून तिचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. टीव्हीवर तो कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही, म्हणून इथे देत आहोत: 1800-11-2356. घरात कुणी बार भरत असेल, मशेरी लावत असेल, तर तो लिहून त्यांच्या हाती द्यावा.