बंद गिरणीचे धुराडे मोजा

मुंबईच्या लालबाग-परळ भागातून जाताना उंच इमारतींच्या गर्दीत एखादे विटांचे धुराडे अजून दिसते. त्यातून धूर निघत नाही. खालच्या शेडचे छप्पर फुटलेले असते आणि भिंतीतून पिंपळ उगवलेला असतो. ‘बंद पडलेली गिरणी, दुसरे काय!’ असे म्हणून माणसे पुढे जातात. माझे म्हणणे असे की, विज्ञान शिकणाऱ्याने येथे थांबावे. ही जागा म्हणजे भंगार नव्हे आणि भुताटकीच्या गोष्टींचे ठिकाणही नव्हे. पदार्थविज्ञानाचे हे एक उघडे पुस्तक आहे आणि त्याची पाने रोज फाटत आहेत.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे मुंबईतील पहिल्या गिरणीत सूत निघू लागले. पुढे गिरण्यांचा एक गावच वसला, तो गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. जे थोडे उरले आहे, तेही किती दिवस उभे राहील हे सांगता येत नाही.

आता त्या धुराड्याकडे नीट पाहा. ते इतके उंच कशासाठी? धूर दूर जावा हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक मजेदार आहे. समजा, धुराडे ५० मीटर उंच आहे. बाहेरची हवा ३० अंश सेल्सियस असेल, तर एका घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१६ किलोग्रॅम भरते. आतील वायू २०० अंशांचे असतील, तर त्यांचे सुमारे ०.७५ किलोग्रॅमच. ५० मीटर उंचीच्या या दोन स्तंभांच्या दाबांतील फरक साधारण २ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा येतो. दिसायला हा दाब थोडा आहे, पण तेवढ्यावर बॉयलरच्या भट्टीत ताजी हवा आपोआप ओढली जाते. पंखा नाही, मोटर नाही. उंची हेच तेथले यंत्र!

छप्पर पाहा. ते करवतीच्या दात्यांसारखे असते आणि दात्यांच्या उभ्या बाजूस काचा असतात. या काचा बहुधा उत्तरेकडे असतात, कारण थेट ऊन आत न येता सावलीचा सारखा उजेड मिळावा, म्हणजे सुताचा तुटका धागा चटकन दिसतो. ही रचना इंग्लंडहून आली. तेथे दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेलाच असतो. पण मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. मग त्या दिवसांत गिरणीत ऊन येत असेल काय? किती कोनातून? त्यांपैकी बहुतेक दिवस पावसाळी ढगांचे, याचा काही उपयोग होत असेल काय? भूगोल, भूमिती आणि कापूस या तिघांची गाठ अशी एका छपरात पडते.

काही जण विचारतील, वाफेचे इंजिन गेले, ते साचे गेले. जुनाट गोष्टी शिकून काय मिळणार? त्यांना माझे उत्तर सोपे आहे. यंत्र जुने होते, नियम जुना होत नाही. तापलेली हवा वर जाते हे आजही खरे आहे. शिवाय नव्या यंत्राचे पोट बंद पेटीत असते. जुन्या यंत्राचे चाक, पट्टा, दांडा डोळ्यांना दिसतो आणि ‘हे असे का?’ हा प्रश्न आपोआप सुचतो.

परंतु एक गोष्ट बजावून सांगतो. परवानगीवाचून कुंपण ओलांडू नका. कायद्याने ते चूक आहेच. शिवाय कुजलेल्या तुळया, गवताने झाकलेले खड्डे, साप, जुन्या नळ्यांवरील ॲस्बेस्टॉसचे तंतू आणि बंद टाक्यांतील प्राणवायूविरहित हवा यांना धाडसाचे कौतुक नसते. आत जायचे तर मालकाची परवानगी आणि सोबत जाणते माणूस हवेच.

मात्र पुष्कळ काम बाहेरूनही होते. धुराड्याची सावली सपाट रस्त्यावर पडत असेल, तर सावलीच्या टोकाशी खूण करा. जवळच १ मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करून तिच्या सावलीच्या टोकाशीही खूण करा. अर्ध्या तासाने दोन्ही टोकांना पुन्हा खुणा करा. काठीच्या सावलीचे टोक १२ सेंटिमीटर सरकले आणि धुराड्याचे ६ मीटर, तर धुराडे काठीच्या ५० पट, म्हणजे ५० मीटर उंच! बुंध्यापर्यंत जाण्याची गरजच नाही. का, ते समरूप त्रिकोण काढून पाहा.

मुंबईबाहेरच्या मित्रांनी हिरमुसू नये. तुमच्या गावात बंद जिनिंग असेल, किल्ल्याजवळ चुन्याचा घाणा असेल, मोटेची विहीर असेल. मोटेची धाव विहिरीपासून दूर जाताना उतरती का? बैलांचे वजनही ओढायला मदत करते म्हणून. गावातल्या आजोबांना विचारा, ते याहून अधिक सांगतील.

हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संपाच्या वेळी विशीत असलेले कामगार आज साठी ओलांडून गेले आहेत. कोणत्या हवेत धागा जास्त तुटे, भट्टीचा रंग पाहून काय कळे, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. ते सारे पुस्तकांत उतरलेले नाही. बोरघाटातील १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला. रस्त्याची अडचण खरी होती. पण पाडलेली वास्तू पुन्हा मोजता येत नाही.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याचा ज्वालामुखी एक कमी असू द्या. त्या जागी गावातल्या एका बंद वास्तूचा नकाशा, तिची मोजमापे आणि तेथे राबलेल्या एका माणसाची मुलाखत मांडा. वही, दोरी, काठी आणि ओळंबा एवढ्यावर हे काम होते. धुराडे पडण्याआधी मात्र ते व्हायला हवे.