मोजणी कोणाच्या हाती? मुस्लिम अल्पसंख्याकांच्या अभ्यासाविषयी

१/ १९२३ साली लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. कोणी कोठे जायचे, हे ठरविणारी कसोटी एकच होती : धर्म. क्रीट बेटावरील ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात धाडले गेले, तर अनातोलियातील तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये.

२/ पश्चिम थ्रेसमधील मुसलमानांना मात्र या अदलाबदलीतून वगळण्यात आले. त्यांत तुर्की भाषक होते, स्लाव्ह बोली बोलणारे पोमाक होते, रोमाही होते. कराराच्या कागदावर हे सारे ‘मुस्लिम अल्पसंख्याक’ या एकाच नावाखाली आले.

३/ पुढे १९८४-८५च्या हिवाळ्यात बल्गेरियाच्या कम्युनिस्ट राजवटीने आपल्या तुर्क नागरिकांना बळजबरीने स्लाव्ह नावे दिली. तुर्क असे कोणी येथे नाहीतच, पूर्वी धर्मांतर केलेले हे मूळचे बल्गेरियनच होत, असा सरकारी सिद्धान्त होता. १९८९च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक देश सोडून तुर्कस्तानात गेले.

४/ एके ठिकाणी अनेकांना एका नावात कोंबले, दुसऱ्या ठिकाणी नावच पुसले. दोन्हीकडे मोजणी राज्यसत्तेच्या हाती होती. अल्पसंख्याकांच्या स्वतंत्र अभ्यासाची गरज नेमकी येथे उभी राहते.

५/ ही गरज ओळखणाऱ्या संस्थांपैकी एक म्हणजे ‘इन्स्टिट्यूट ऑफ मुस्लिम मायनॉरिटी अफेअर्स’. भारतात जन्मलेले आणि अलीगढ येथे शिकलेले सय्यद झैनुल आबेदीन हे तिचे संस्थापक संचालक. जेद्दाच्या किंग अब्दुलअझीज विद्यापीठाच्या आश्रयाने तिचा आरंभ झाला आणि १९७९ साली तिचे नियतकालिक निघू लागले. पुढे तिचे कार्य लंडनहून चालले. आबेदीन १९९३ साली वारले, पण नियतकालिक चालू राहिले.

६/ तोवर इस्लामचा अभ्यास म्हणजे बहुधा अरबस्तान, इराण आणि तुर्कस्तान यांचा अभ्यास. पोलंड-लिथुएनियातील तातार, चीनमधील हुई, दक्षिण आफ्रिकेतील केप मलय हे त्या नकाशाच्या कडेला पडलेले. अशा समाजांना अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणणे, हे या संस्थेचे खरे श्रेय होय.

७/ तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथेही प्रश्न विचारायला हवा. आश्रय सौदी विद्यापीठाचा असेल, तर अभ्यासविषयांच्या निवडीवर त्याची छाया पडली का? हा प्रश्न म्हणजे आरोप नव्हे. वसाहतकालीन गॅझेटियर वाचताना जी सावधगिरी आपण बाळगतो, तीच येथे बाळगावी, इतकेच.

८/ याहून गंभीर धोका पद्धतीत आहे. ‘मुस्लिम अल्पसंख्याक’ हेच अभ्यासाचे एकक ठरविले, की लोझानची चूक सद्हेतूने पुन्हा घडू शकते. भाषा, जमीन, व्यवसाय, जात, गाव हे सारे धर्माच्या एका रकान्यामागे झाकले जाते.

९/ याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी आणि जंजिरा परिसरातील कोकणी मुसलमान केप टाउनला जाऊ लागले. तेथे त्यांचा धर्म केप मलय समाजाचाच. काहींनी त्या समाजात लग्नेही केली.

१०/ १९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यान्वये वर्णभेदी राजवटीने माणसांचे वर्ग पाडले. ‘मलय’ हा एक पोटवर्ग, ‘भारतीय’ हा दुसरा. त्याच वर्षीच्या समूह क्षेत्र कायद्याने कोणी कोणत्या वस्तीत राहायचे, हे या वर्गांवर ठरू लागले. एकाच मशिदीत नमाज पढणारे लोक कागदावर वेगळे झाले.

११/ म्हणजे लोझानने धर्म पाहिला आणि भाषा विसरली. प्रिटोरियाने वंश पाहिला आणि सोयरीक विसरली. रकाना कोणताही असो, त्याच्या बाहेर काय राहिले हे शोधणे संशोधकाचे काम आहे.

१२/ म्हणून अशा संस्था हव्यात, त्यांची नियतकालिके वाचली जायला हवीत आणि त्यांच्या चौकटीची चिकित्साही व्हायला हवी. केप टाउनच्या कोकण्याचा इतिहास लिहायचा, तर मशिदीच्या दफ्तराइतकेच त्याच्या गावचे सातबारे आणि बोटीच्या प्रवाशांच्या याद्या वाचाव्या लागतील. समाज ‘अल्प’ आहे हे जनगणना सांगते. तो कोण आहे, हे मात्र अशी कागदपत्रे वाचूनच कळते.